स्वावलंबी वस्तीचं पोट शिकारीवर नि सापळ्यांवर किती भरेल?

माळा_ते_माजघर (धागाकर्ता)
मंडळी, दक्षिण रायगडात, सह्याद्रीच्या पायथ्याशी सामाईक वस्तीचा बेत चालू आहे. 12 घरं, लहानथोर धरून 45 माणसं, 30 एकर जमीन. भात, नाचणी, वरी, वाल, कुळीथ यांचा हिशेब जमलाय. मधून एक ओढा जातो, जून ते डिसेंबर वाहतो. प्रश्न मांसाचा आहे. काहींचं म्हणणं, "जंगल शेजारी आहे, पूर्वी गावं शिकारीवरच जगायची, विकत कशाला आणायचं?" शिकार आणि सापळे मिळून 45 माणसांची किती गरज भागते? कशाला परवानगी आहे, कशाला नाही? कृपया आकडे आणि पद्धती सांगा. "निसर्गाकडे परत चला" वगैरे आमच्याकडे भरपूर आहे.

कलम_एकोणचाळीस
आधी कायदा, म्हणजे निम्मा धागा वाचेल. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चं कलम 9 शिकारीला बंदी घालतं. "शिकार" म्हणजे फक्त बंदूक नाही. व्याख्येत फासा, सापळा, हाकारा, आमिष, नुसता प्रयत्न, झालंच तर पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी काढणं, सगळं येतं. ससा, भेकर, साळिंदर, तित्तर, रानकोंबडा, घोरपड: सगळे यादीत. घोरपड पहिल्या अनुसूचीत, तिथे कैद किमान 3 वर्षं.

रानडुकराबद्दल कोणीतरी विचारणारच. पिकाची नासाडी होत असेल तर कलम 11 खाली वन विभागाकडून मारण्याचा परवाना मिळू शकतो. पण कलम 39 प्रमाणे मेलेला प्राणी सरकारच्या मालकीचा. परवाना मारण्याचा असतो, रश्शाचा नाही.

सड्यावरचा
रश्शाचा परवाना कुठल्या टेबलावर मिळतो?

गावरान_गप्पा
पण आदिवासी बांधवांना वनहक्क कायद्यात सूट आहे ना? वस्तीत दोन कातकरी कुटुंबं घेतली तर?

कलम_एकोणचाळीस
@गावरान_गप्पा, गैरसमज आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1) मध्ये पारंपरिक हक्कांची यादी आहे. तिच्यातच शिकार, सापळे लावणं आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढणं स्पष्टपणे वगळलंय. त्याच कलमात मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पादन मात्र सामूहिक हक्कात धरलंय. म्हणजे कायद्यानेच उत्तर दिलंय: जमिनीवर नाही, पाण्यात बघा. आणि माणसं कायद्यातली फट म्हणून वस्तीत घेऊ नका हो.

हिशेबनीस
पाण्यात बघायच्या आधी कागदावर बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीत माणशी दर किलो वजनाला रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं आहेत. 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम, 55 किलोच्या बाईला 46. सरासरी 50 धरा. निम्मी धान्य-कडधान्यातून आली तर उरली 25. ओढ्यातली मासळी डोकं, काटा, आतडी जाऊन निम्मी उरते, आणि त्या निम्म्यात शेकडा 18 च्या आसपास प्रथिनं. म्हणजे माणशी रोज पाव किलोहून थोडी जास्त अख्खी मासळी. पाव किलोच धरू. 45 माणसं, रोज सव्वाअकरा किलो. वर्षाचे चार टन.

आता ओढा. चांगले 10 सापळे, दीड महिन्याचा हंगाम, 42 रात्री. पुराच्या रात्री एका सापळ्यात दीड-दोन किलोही येते, पण पुढच्या चार रात्री मूठभर झिंगे आणि पाला. सरासरी अर्धा किलो धरणं उदारपणाचं आहे. एकूण 210 किलो. म्हणजे अख्ख्या हंगामाची कमाई साधारण 19 दिवसांची.

मिरगाचा_पाऊस
हिशेब बरोबर, निष्कर्ष घाईचा. ते 19 दिवस कधीचे, ते बघा. आषाढ-श्रावणात कोठारातलं भात तळाला गेलेलं असतं, वालाचे डबे संपलेले, भाजी म्हणजे टाकळा नि कुर्डू, आणि कामं मात्र वर्षातली सगळ्यात जड: चिखलणी, लावणी. नेमके त्याच आठवड्यांत खेकडे आणि मासे दारात येतात. वर्षाच्या भागाकाराने ही गोष्ट दिसत नाही. सापळा वर्षाचं पोट भरत नाही, वर्षातला खड्डा भरतो.

सड्यावरचा
आणि नेमका तेव्हाच अर्ध्या वस्तीचा श्रावण. हिशेबनीस, सव्वाअकराचे साडेपाच करा.

हिशेबनीस
केले. गटारी अमावास्येचे मात्र बावीस धरले.

कोंडीवाला
सापळ्यावर येऊ. आमच्याकडे कोंडी म्हणतात, मालवणात खोयन. नाव काहीही असो, बांबूचा लांबट शंकू आणि त्याच्या आत उलटा बसवलेला छोटा शंकू, म्हणजे गळा. मासा गळ्यातून आत जातो, परत येताना कामट्यांची टोकं समोर येतात.

बांबू: माणगा किंवा मेस, पूर्ण वाढलेला. कोवळ्याच्या कामट्या पहिल्याच पुरात वाकतात. दिवाळीनंतर थंडीत तोडा आणि 3-4 आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली बुडवून ठेवा. आतला पिठूळ अंश धुऊन गेला नाही तर भुंगा लागतो आणि मे महिन्यात माळ्यावरून सापळ्याऐवजी पीठ खाली येतं. अमावास्येला तोडलेला बांबू टिकतो म्हणतात. भिजवलेला कुठल्याही तिथीचा टिकतो.

मापं: लांबी 3 फूट, तोंड 1 फूट, शेपूट मुठीएवढी, तिथे पाल्याचा बोळा. तोच काढून मासे ओतायचे. कामटी करंगळीच्या निम्म्या रुंदीची, पाठ (हिरवी बाजू) आतल्या अंगाला, म्हणजे माशाची खवलं निघत नाहीत. वीण उक्षीच्या वेलाची किंवा काथ्याची, वीतभर अंतरावर एक फेरा. नायलॉनची दोरी झटपट होते, पण ओली झाली की सैल पडते. शिवाय सापळा वाहून गेला तर कोंडी कुजते, दोरी वर्षानुवर्षं मासे मारत राहते.

गळा: सगळी करामत इथे. आत 1 फूट जायला हवा. टोकाशी तोंड तीन बोटांचं, आणि टोकाचे शेवटचे चार अंगुळ विणायचेच नाहीत. सुट्या, तासलेल्या कामट्या लवचीक राहिल्या पाहिजेत: मासा ढकलून आत जातो, मागे त्या मिटतात. नवशिके शेवटपर्यंत घट्ट विणतात. मग ते नुसतं भोक होतं, आणि वाम त्यातून आली तशी जाते.

भाकरतुकडा
@कोंडीवाला, तोंड कुठल्या दिशेला? इथे दोन मतं ऐकली आहेत.

कोंडीवाला
दोन्ही बरोबर, महिने वेगळे. मासा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड. मृगाच्या पहिल्या पुरात मासे ओढ्यातून वर खाचरांकडे चढतात, तेव्हा तोंड प्रवाहाच्या खालच्या अंगाला. हस्त-चित्रा नक्षत्रांत, खाचरांचं पाणी उतरायला लागलं की तेच मासे पिल्लांसकट खाली येतात, तेव्हा तोंड वर. पहिल्या प्रकाराला रायगडात वलगण म्हणतात, दुसरीकडे चढणीचे मासे.

मुख्य धारेत सापळा कधीच नको. अर्ध्या तासात पाल्याने भरतो, पाणी दाब देतं, मासे चिरडतात, खुंट उपटतो. काठाशी, दगडांचे दोन पंख तिरके रचून त्यांच्या सांध्यात बसवा. दोन खुंट, वर दगड आणि एक दोर काठावरच्या झाडाला. दोर विसरलात तर सापळा खाडीत शोधा. उजाडताच उचला. छोटी मासळी सापळ्यात मेली की तीन-चार तासांत मऊ पडते.

पाणदिवड
इथे मला भांडायचंय. चढणीचा मासा पोटात गाबोळी घेऊन चढत असतो. तो खाचरात अंडी घालतो, उथळ कोमट पाण्यात पिल्लं वाढतात, तीच आश्विनात उतरतात. चढताना धरलेला एक मासा म्हणजे उतरतीचे शेकडो गेले. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवतात ती याच कारणाने. ओढ्यांना मात्र कोणी वाली नाही. वस्ती "स्वावलंबी" म्हणवायची असेल तर वलगण पूर्ण बंद ठेवा, फक्त उतरतीचे धरा.

मिरगाचा_पाऊस
@पाणदिवड, वलगण शेकडो वर्षं चालत आली आणि मासे होते. बांबूच्या चार कोंड्यांनी ओढा रिकामा होत नाही. तो झाला ब्लीचिंग पावडरने, बॅटरीच्या शॉकने आणि डोळ्याला न दिसणाऱ्या नायलॉन जाळ्यांनी. आणि वर सांगितलेला भुकेचा खड्डा चढणीच्या वेळचाच आहे, उतरतीच्या वेळी तर हळवं भात कापणीला आलेलं असतं. भुकेल्याला आश्विनाचा वायदा देऊन काय उपयोग?

पाणदिवड
तेव्हा वरच्या अंगाला बंधारे नव्हते, खाचरांत तणनाशक नव्हतं, ओढ्याकाठी 12 घरं नव्हती. पण ठीक, पूर्ण बंदी पाळली जाणार नाही हे मान्य. मग निदान एवढं करा: पहिले दोन पूर मोकळे जाऊ द्या. ओढ्याची अर्धी रुंदी कायम उघडी ठेवा, दोन्ही काठांचे दगडी पंख कधीच जोडू नका. एक रात्र सापळा, एक रात्र सुट्टी. आणि पोट फुगलेली शिंगटी किंवा खवली हातात आली तर परत पाण्यात.

हिशेबनीस
एकाआड एक रात्र म्हणजे 210 चे 105. नोंद घेतली. नऊ दिवस.

कोंडीवाला
पाणदिवड यांच्या यादीत एक जोडतो. कामट्यांमधली फट करंगळी जाईल एवढी ठेवा. उतरतीला बोटभर पिल्लं त्यातून निघून जातात, खाण्यालायक तेवढं राहतं. दाट विणीचा सापळा दिसायला सुबक असतो, पण दोन वर्षांनी त्यात फक्त पाणीच येतं.

मालवणी_मसालो
माशांचा झाला असात तर कुर्ल्यांचा कोण सांगतला? मिरगाक कुर्ल्यो खाल्ल्याशिवाय पाऊस लागता काय कधी!

आजीची_चूल
सांगते. डोंगरातला काळा खेकडा आणि खाचरातले लहान मुठे, दोन वेगळे. मुठे लावणीच्या वेळी बांधाच्या बिळांत हाताला लागतात. मोठा खेकडा रात्री निघतो. बत्तीचा झोत तोंडावर आला की जागच्या जागी थबकतो. मागून, पाठीवर अंगठा आणि पोटाखाली दोन बोटं असा धरायचा. बिळात असेल तर काठीला कोंबडीचं आतडं बांधून तोंडाशी हलवायचं. नांगी आवळली की ओढायची घाई नको, सावकाश बाहेर आणायचा. बिळात हात घालू नये. खेकड्याच्या बिळात खेकडाच असेल असं बिळावर लिहिलेलं नसतं.

नर-मादी पोटावरून ओळखा. पोटाची घडी अरुंद, निमुळती तर नर. रुंद, गोल तर मादी. पावसाळ्यात मादीच्या घडीखाली अंडी किंवा बारीक पिल्लं असतात. समुद्रातल्या खेकड्याची अंडी पाण्यात फुटून पिल्लं दूर जातात, गोड्या पाण्यातल्याची तशी नाहीत: पिल्लू खेकडा होऊनच आईच्या पोटाखालून उतरतं. म्हणजे मादी नेली की त्या ओहोळाची पुढची पिढी त्याच पिशवीत गेली. घडी उघडून बघायला दोन सेकंद लागतात.

आणून पाण्याच्या बादलीत ठेवू नका. साठलेल्या पाण्यात दाटीवाटीने ठेवले की गुदमरून मरतात. ओल्या पोत्यात, पाल्यात रात्रभर राहतात. मेलेला खेकडा टाकून द्या. मोठ्या नांग्या फोडून कालवणात, बारीक पाय पाट्यावर वाटून, फडक्यातून पिळून त्याचं पाणी. घट्टपणा त्यानेच येतो, भाजलेलं बेसन लावायची वेळ येत नाही.

मालवणी_मसालो
बेसन? कुर्ल्यांच्या रश्शात बेसन?? ह्या नदीपलीकडचा असात.

आजीची_चूल
पनवेल ते माणगाव लावतात. तुमचं सुकं खोबरं तुम्हाला लखलाभ.

(पुढचे 14 प्रतिसाद बेसन विरुद्ध खोबरं या विषयावर असल्याने पाककृती विभागात हलवले आहेत. – ॲडमिन)

दवाखाना_बंद
खेकडा पूर्ण शिजवा, भाजताना बाहेर करपला आणि आत कच्चा राहिला असं नको. कच्च्या गोड्या खेकड्यातून फुफ्फुसात राहणारा एक चपटा कृमी माणसात येतो. मणिपूर-नागालँडकडे त्याच्या नोंदी बऱ्याच आहेत, आणि खोकल्यातून रक्त पडल्यामुळे तो क्षय समजून उपचार होतात. तसाच शिंगटीचा काटा: टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवा, त्यातलं विष उष्णतेने निकामी होतं. हळद नंतर लावा.

खाचरातल्या मुठ्यांबद्दल आणखी एक. भाताला दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या शेतातले खेकडे नकोत. फोरेट 2020 च्या अखेरीपासून देशात बंद आहे, पण जुन्या पिशव्या गोठ्याच्या आढ्याला सापडतात. बांधावर खेकडे दिवसाढवळ्या सुस्त, उलटे पडलेले दिसले तर ते "आयते मिळाले" नसतात.

गावरान_गप्पा
डोहात गेळफळ किंवा रामेठ्याचा पाला ठेचून टाकला की मासे वर येतात. हे तरी नैसर्गिक आहे ना?

कलम_एकोणचाळीस
1897 चा मत्स्य अधिनियम. पाण्यात सुरुंग लावणं आणि विष टाकणं दोन्ही गुन्हा. विष झाडाचं की कारखान्याचं, पाण्याला कळत नाही. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत ओढा असेल तर मासेमारीला वेगळे निर्बंध, आणि धरण-तलाव असेल तर तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने दिलेला असतो. तिथे कोंडी लावणं ही चोरी.

झाडीपट्टी
भंडारा-गोंदियाकडून. आमच्याकडे कोहळी लोकांनी बांधलेले मामा तलाव, मासे ढिवर लोकांचे. तिथला धडा असा की नुसतं "धरणं" पुरत नाही, पाणी राखावं लागते. तलाव ऐन उन्हाळ्यात किती उरते, काठाला पाणवनस्पती आहेत की बेशरम माजली आहे, यावर मरळ-वाघूर ठरते. धागाकर्त्यांनी 20 गुंठ्यांचं तळं खणावं, ओढ्यापेक्षा बरं.

हिशेबनीस
20 गुंठे म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सा. बारमाही पाणी आणि चांगली देखभाल असेल तर हेक्टरी 2 ते 3 टन निघतात. दोनच धरले तर 400 किलो, 35 दिवस. सगळ्या ओढ्याच्या दुपटीला थोडं कमी, तेही हवं तेव्हा काढता येणारं.

झाडीपट्टी
बीज: कटला, रोहू, मृगळ 4:3:3 प्रमाणात, एकूण हजार-बाराशे बोटुकली. जिरे एवढं बीज स्वस्त मिळते, पण निम्म्याहून जास्त मरते, बोटाएवढंच घ्या. सोडायच्या आधी जाळं ओढून मरळ काढून खा, नाहीतर ती तुमची बोटुकली खाईल. पिशवी उघडून लगेच ओतू नका: पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवी तळ्यात तरंगू द्या, पाण्याचं तापमान सारखं झालं की सोडा. सांडव्याला जाळी आधी बसवा. पहिल्या मोठ्या पावसात बोटुकली शेजारच्या गावाला भेट जाते, हा नियमच.

उत्तरध्रुव_कर
कॅनडातून डोकावतोय. इथे उत्तरेत परवाना काढून ससा फाशात धरता येतो. तरीही "सशावर जगू" म्हणणाऱ्याला जुनेजाणते हसतात. सशाच्या मांसात चरबी जवळपास नसते. आठवडे नुसतं तेच खाल्लं तर पोट भरलेलं आणि माणूस खंगत चाललेला, जुलाब, सतत भूक. याला इथे "सशाची उपासमार" असंच नाव आहे. म्हणून इथले मूळ रहिवासी बीव्हरची शेपटी, मूसची चरबी, माशाची कातडी आधी संपवतात. तुमच्या वस्तीलाही मांसाआधी तेलाचा हिशेब लागेल. फासा कसा बांधतात तेही लिहितो: [ ... ]

ॲडमिन
फाशाची मापं उडवली आहेत. तिकडे कायदेशीर असेल, इकडे वाचणारे इकडचे आहेत. बाकी प्रतिसाद ठेवलाय.

सड्यावरचा
तेलाचं खरं आहे. 45 माणसं, माणशी रोज 25 ग्रॅम धरलं तरी वर्षाला 400 किलोच्या वर तेल. तीळ, कारळे, नारळ कुठे लावणार ते आधी ठरवा, खेकडा कुठे जात नाही.

फाटका_नकाशा
उंदरांबद्दल कोणी बोललं नाही. कातकरी आणि बऱ्याच आदिवासी समाजांत शेतातला उंदीर हे कापणीनंतरचं नेहमीचं खाणं आहे, तमिळनाडूत इरुळांत, बिहारात मुसहरांत तेच. नाक मुरडू नका: पीकही वाचतं. घुशीच्या जातीचा लहान शेतउंदीर बिळात लोंब्या साठवतो, खणणाऱ्याला मांसाबरोबर भातही मिळतं.

पद्धत: कार्तिक-मार्गशीर्षात, कापणी झाली की. संध्याकाळी दिसतील ती सगळी तोंडं मातीने बुजवा. सकाळी जी पुन्हा उघडलेली, ताज्या मातीचा ढीग असलेली, ती चालू. एक तोंड सोडून बाकी पुन्हा दाबून बंद करा. बुडाला भोक पाडलेलं मडकं घ्या, आत सुका पेंढा, त्यावर थोडा ओला पाला. मडक्याचं तोंड बिळाला लावून भोकातून फुंका. धूर जमिनीत कुठे झिरपतोय ते बघा, तिथे चोरवाट असते. तिच्यावर जाळी धरा. चोरवाट सापडली नाही तर तासभर धूर जातो आणि उंदीर शेजारच्या बांधावरून तुम्हाला बघत असतो.

दवाखाना_बंद
अटी जोडतो, कारण इथे चूक महागात पडते.

विषारी आमिष टाकलेल्या शिवारातला उंदीर कधीच नाही. झिंक फॉस्फाइडने तो लवकर मरतो, पण ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस हिंडत असतो, आणि ते यकृतात साठतं. शेजारच्या शेतकऱ्याने टाकलं असेल तरी तेच. पूर्ण शिवाराने मिळून आमिष बंद केलं असेल तरच विचार करा. दुसरं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू): उंदराच्या लघवीतून, हातापायाच्या चिरेतून शिरतो. हातमोजे, गमबूट, सोलल्यावर साबण. आणि बिळात धूर गेल्यावर नाग किंवा घोणसही बाहेर येते, फुंकणाऱ्याने गुडघे टेकून बसू नये, उकिडवं बसावं.

मालवणी_मसालो
फुंकणाऱ्यान उकिडवा नाय, घराक बसाचा.

वाघूर_वाणी
शिकारीच्या गोष्टी निघाल्यात तर पारध्यांचं नाव यायला हवं. फासेपारध्यांच्या नावातच फासा आहे, तित्तर-लावरीचं त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. त्या ज्ञानाला 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का लागला, तो 1952 मध्ये कागदावरून पुसला गेला, पोलीस चौकीतून अजून नाही. वऱ्हाडात त्यांच्यातल्याच काही वस्त्यांनी तेच ज्ञान गवताळ माळ राखायला वापरलंय. शिकारीची विद्या उपयोगी आहेच, शिकार न करताही. रानडुक्कर कुठून आत येतं हे ज्याला माग काढता येतो तोच सांगेल, कुंपणवाला नाही.

गावरान_गप्पा
रानडुकराला कुंपणाच्या तारेत करंट सोडला तर?

कलम_एकोणचाळीस
तर आधी डुक्कर, मग शेजाऱ्याची म्हैस, मग शेजारी. थेट लाइन जोडणं हा गुन्हा आहे आणि माणसं मरतात. बॅटरीवर धक्का देणारं, जीव न घेणारं झटका मशीन वेगळं, ते चालतं. गवत तारेला टेकू देऊ नका, नाहीतर पहिल्याच पावसात सगळा झटका जमिनीत.

आजीची_चूल
जास्तीची मासळी टिकवायची रीत राहिली. पावसात उन्हावर सुकवायचा नाद सोडा, आळ्या पडतात. पोट साफ करा, मासळीच्या वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं जाडं मीठ लावून एक रात्र, पाणी निथळू द्या, मग चुलीवर दोन-अडीच हात उंचीवर कामट्यांच्या तट्टीवर. नारळाची सोडणं आणि करवंट्या जाळा, धूर थंड आणि सतत हवा. ज्वाळ लागली की मासा बाहेरून शिजतो, आत ओला राहतो आणि चार दिवसांत वास मारतो. तीन-चार दिवसांनी काडीसारखा मोडला पाहिजे. मडक्यात भरून तोंड बांधा, पावसाळी हवेत दर पंधरवड्याला पुन्हा धुरावर.

भाकरतुकडा
हिशेबनीस, अंड्यांचं पण मांडा ना.

हिशेबनीस
माणशी रोज एक अंडं, वर्षाला 16,425. गावठी कोंबडी वर्षाला 60-80 देते, सरासरी 70, म्हणजे 235 कोंबड्या. गिरिराज-वनराज अशा सुधारित जातीच्या सव्वाशे-दीडशे देतात, तर सव्वाशेक पुरतील, पण त्या खुडूक बसत नाहीत, पिल्लं दरवेळी बाहेरून. स्वावलंबनाची गाठ तिथे सुटते. निम्म्या-निम्म्या ठेवा, गावठी कोंबडीखाली अंडी उबवा. मुंगूस आणि रानमांजर पण सव्वाअकरा किलोंच्या हिशेबात धरा, तेही वस्तीचेच.

माळा_ते_माजघर (धागाकर्ता)
सगळ्यांचे आभार. बैठकीत हे मांडतोय: जमिनीवरची शिकार पूर्ण वर्ज्य. 20 गुंठ्यांचं तळं या उन्हाळ्यात. गावठी आणि वनराज मिळून 150 कोंबड्या. कोंड्या 10 ऐवजी 6, पहिले दोन पूर मोकळे, अर्धी रुंदी उघडी, एकाआड एक रात्र. उतरतीला मात्र खाचरांच्या बांधांच्या तोंडांना रोज. मादी खेकडा परत. उंदरांचं शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलल्याशिवाय नाही. कारळ्यासाठी दोन एकर वरकस.

पाणदिवड
मान्य. एकच राहिलं: कासव. ओढ्यातली बहुतेक कासवं संरक्षित आहेत, आणि तुमच्या कोंडीत ते शिरलं तर बुडून मरेल, त्याला श्वासाला वर यावं लागतं. पाणसापांचंही तेच.

माळा_ते_माजघर (धागाकर्ता)
मग कोंडीत काय बदल करायचा?

कोंडीवाला
शेपटीकडचं टोक खुंटाला उंच बांधा, चार बोटं पाण्याच्या वर राहील असं. आत हवेची पोकळी राहते, मासे खालच्या भागात राहतात. पाणी चढायची चिन्हं असतील तर रात्री उठून खुंटावरची गाठ वर सरकवावी लागते, म्हणून ती सरगाठ मारा. तोंडावर आडवी एक कामटी घातली, चार बोटांची उंची सोडून, तर मोठं कासव आत येतच नाही. मरळ त्यातून आरामात जाते.

भाकरतुकडा
चार बोटं कोणाची? कोंडीवाल्यांची की माझी?

कोंडीवाला
साडेसात सेंटिमीटर, राव.